एनीवन लिहिण्याआधी डावीकडे पाहा

'कोणी आलं का?', 'कोणी आलं तर सांग', 'कोणीही यावं', 'कोणी आलं नाही'. मराठीत या चारही वाक्यांचा गाडा एकट्या 'कोणी'वर चालतो. इंग्रजीत पहिल्या तिन्ही ठिकाणी 'एनीवन' बसतं. चौथ्या ठिकाणी ते घातलं की वाक्य मोडतं. तरी "एनीवन डिडन्ट कम" हे वाक्य मराठी तोंडात अगदी सहज येतं, कारण शब्दकोशात एनीवनपुढे 'कोणीही' छापलेलं असतं आणि 'कोणीही आलं नाही' हे मराठीत शुद्ध वाक्य आहे. शब्दाचा अर्थ बरोबर लागलेला असतो, चुकते ती जागा.

एनीवन फक्त माणसांसाठी आहे, वस्तूंसाठी 'एनीथिंग'. 'एनीबडी' म्हणजे तेच, अर्थात काडीचा फरक नाही. लिखाणात एनीवन जास्त दिसतं आणि गप्पांत एनीबडी जरा सैल वाटतं, एवढंच. खाली एनीवनबद्दल जे सांगितलं आहे ते सगळं एनीबडीलाही लागू आहे, अपवाद फक्त तुटक 'एनी वन'चा. तो पुढे येईल.

शब्द एकटा उभा राहत नाही

'समवन' म्हणजे कोणीतरी. हा शब्द स्वतःच्या पायावर उभा राहतो: "समवन केम", कोणीतरी आलं. एनीवनला मात्र आधार लागतो. "एनीवन केम" हे वाक्यच नाही. आणि आधार देणारा शब्द बहुतेक वेळा एनीवनच्या डावीकडे, म्हणजे वाक्यात त्याच्या आधी यावा लागतो.

नकार घ्या. "आय डिडन्ट सी एनीवन", मला कोणी दिसलं नाही. इथे 'डिडन्ट' आधी आला, एनीवन नंतर. म्हणून वाक्य चाललं. "एनीवन डिडन्ट कम" मध्ये क्रम उलटा झाला. इंग्रजी वाचणारा एनीवनपाशी पोचतो तेव्हा नकार अजून यायचा असतो, आणि पुढे आलेला नकार मागे जाऊन आधार देत नाही. मराठीत ही अडचण येत नाही, कारण आपला 'नाही' मुळातच वाक्याच्या शेपटाला असतो आणि शेवटपर्यंत थांबायची आपल्याला सवय असते.

मग 'कोणी आलं नाही' कसं म्हणायचं? 'कोणी' कर्ता असेल आणि त्याच्याच क्रियापदाला नकार असेल, तर नकार कर्त्यातच घाला: "नो वन केम" किंवा "नोबडी केम". आता क्रियापद होकारार्थी ठेवा. "नो वन डिडन्ट कम" म्हटलंत तर दोन नकार एकमेकांना खाऊन 'असं कोणीच नाही जे आलं नाही', म्हणजे 'सगळे आले' असा अर्थ निघेल. मराठीतला 'कोणीच'मधला 'च' आणि 'नाही' हातात हात घालून चालतात, ती सवय इथे सोडावी लागते.

'कोणी' कर्म असेल, किंवा 'कोणाला', 'कोणाशी', 'कोणाकडून' असा विभक्तीत असेल, तर सरळ 'नॉट' आणि पुढे एनीवन: "शी डझन्ट टॉक टू एनीवन", ती कोणाशी बोलत नाही. "शी टॉक्स टू नो वन" हेही शुद्ध आहे, पण ते जोर देऊन म्हटल्यासारखं, थोडं नाट्यमय वाटतं. रोजच्या बोलण्यात पहिलं वापरा.

एकाच शब्दात उत्तर द्यायचं असेल तेव्हा हा नियम फार चांगला समजतो. 'कोण आलं होतं?' याला मराठीत 'कोणी नाही'. इंग्रजीत "नो वन." नुसतं "एनीवन" हे उत्तर होत नाही. त्याच्यात स्वतःचा नकार तीळभरही नाही, तो शेजाऱ्याकडून उसना घेतलेला असतो.

दोन क्रियापदं असली की

'मला वाटतं, कोणाला माहीत नाही.' याचं शब्दशः इंग्रजी "आय थिंक एनीवन डझन्ट नो" होतं आणि ते चुकतं. इंग्रजी माणूस नकार उचलून 'थिंक'पाशी नेतो: "आय डोन्ट थिंक एनीवन नोज." आता एनीवन कर्ता असूनही वाक्य बरोबर आहे, कारण नकार डावीकडे आहे. कर्त्याच्या जागी एनीवन कधीच येत नाही असं काही शिकवलं जातं, ते खरं नाही. आधार आधी आला असेल तर ते कुठेही येतं. "आय थिंक नो वन नोज" हेही चालतं, फक्त थोडं ठासून सांगितल्यासारखं होतं.

नकार लपलेला असतो तेव्हा

'नॉट' न दिसताही आधार देणारे बरेच शब्द आहेत, आणि लिहिता-बोलताना अडखळायला होतं ते इथेच.

'विदाउट' हा त्यातला सगळ्यात उपयोगी. "ही लेफ्ट विदाउट टेलिंग एनीवन", कोणाला न सांगता तो निघून गेला. 'नेव्हर', 'रेअरली', 'सेल्डम' हेही तसेच. 'हार्डली' नीट शिकून घ्या: "हार्डली एनीवन केम" म्हणजे जवळपास कोणीच आलं नाही. हार्डलीमध्ये नकार आहे, म्हणून क्रियापदाला पुन्हा नकार जोडू नका. 'ऑलमोस्ट एनीवन' मात्र वेगळं: "ऑलमोस्ट एनीवन कॅन डू इट" म्हणजे हे जवळपास कोणालाही जमेल. 'जवळपास' हा एकच मराठी शब्द दोन्हीकडे येतो, त्यामुळे घोटाळा होतो.

'नाकारणे', 'शंका असणे' अशा क्रियापदांतही नकार मुरलेला असतो: "ही डिनाइड टेलिंग एनीवन", कोणाला सांगितल्याचं त्याने नाकारलं. "आय डाउट एनीवन विल नोटिस", कोणाच्या लक्षात येईल असं वाटत नाही. 'टू' जेव्हा 'फाजील' या अर्थाने येतो तेव्हाही: "आय वॉज टू टायर्ड टू टॉक टू एनीवन", इतकं थकलो होतो की कोणाशी बोलवत नव्हतं. पाहा, मराठी अनुवादात प्रत्येक वेळी कुठेतरी 'न' किंवा 'नाही' उगवतोच. ही कसोटी बऱ्यापैकी भरवशाची आहे.

'बिफोर' आणि 'सिन्स' यांतही तो दडलेला असतो. "शी फिनिश्ड बिफोर एनीवन अराइव्ह्ड", कोणी यायच्या आत तिचं काम झालं, म्हणजे त्या वेळेपर्यंत कोणी आलं नव्हतं. "इट्स बीन इयर्स सिन्स एनीवन लिव्ह्ड हिअर", इथे वर्षानुवर्षं कोणी राहिलेलं नाही.

भावनांच्या शब्दांत तर गंमत आहे. "आय अ‍ॅम सरप्राइज्ड एनीवन केम" बरोबर, कारण आश्चर्यात 'कोणी येणार नाही असं वाटलं होतं' हे गृहीत आहे. "आय अ‍ॅम हॅपी एनीवन केम" कानाला खटकतं. तिथे 'समवन'च हवं.

भाषाशास्त्रात अशा शब्दांवर भरपूर काम झालं आहे. विल्यम लॅड्यूसॉ यांनी 1979च्या आपल्या प्रबंधात एक देखणी कसोटी मांडली: मोठ्या गटाच्या जागी त्यातलाच लहान गट घातला तरी वाक्य खरंच राहत असेल, तर तिथे असे शब्द चालतात. 'मी माणूस पाहिला नाही' खरं असेल तर 'मी डॉक्टर पाहिला नाही' आपोआप खरं. 'मी माणूस पाहिला' यावरून मात्र 'मी डॉक्टर पाहिला' निघत नाही, म्हणून तिथे एनीवनही बसत नाही. प्रश्नार्थक वाक्यांना ही कसोटी नीट लागत नाही, पण नकारांच्या बाबतीत ती लख्ख काम करते.

प्रश्न आणि 'जर'

"डिड एनीवन कॉल?" कोणाचा फोन आला होता का? प्रश्नात 'डिड', 'हॅज', 'इज' हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला येतात आणि तेच आधार देतात. "इफ एनीवन आस्क्स" मध्ये 'इफ' तेच काम करतो.

पण प्रश्नात समवनही चालतं, आणि दोन्हींत फरक आहे. एनीवनने विचारलं की प्रश्न कोरा असतो, उत्तर हो किंवा नाही काहीही येऊ शकतं. समवनने विचारलं की विचारणाऱ्याला 'हो'ची अपेक्षा असते. बाहेर पावलं वाजली आणि तुम्ही विचारलं, तर "इज समवन देअर?". रिकाम्या घरात शिरताना हाक मारली, तर "इज एनीवन देअर?". मराठीत हा फरक 'कोणीतरी' आणि 'कोणी' असा करता येतो: 'कोणीतरी आहे का तिथे?' आणि 'कोणी आहे का?'

मदत मागताना "कॅन समवन हेल्प मी?" हे साधं आहे, तुमच्यापैकी एकाने या. "कॅन एनीवन हेल्प मी?" मध्ये 'कोणीही चालेल, पण कोणीतरी या' अशी आर्तता येऊ शकते. नम्रपणे काही देऊ करताना दोन्ही चालतात. जमलेल्या मंडळींपुढे "वुड एनीवन लाइक सम टी?" जास्त ऐकू येतं, कारण त्यात कोणावर दडपण नाही. त्याचंच तोकडं रूप "टी, एनीवन?". इथे आधाराचा शब्द गाळलेला असतो, पण प्रश्नाचा सूर त्याची जागा घेतो.

'कोणीही' जेव्हा मुभा देतो

आता अपवाद. "एनीवन कॅन लर्न धिस", हे कोणीही शिकू शकतं. इथे एनीवन वाक्याच्या तोंडाशी आहे आणि डावीकडे काहीच नाही. हा त्याचा दुसरा अर्थ: ज्याला निवडाल तो. इथला आधार उजवीकडे असतो, क्षमता किंवा परवानगी सांगणाऱ्या शब्दाचा: 'कॅन', 'कुड', 'मे', 'वुड'. "एनीवन कुड सी इट वॉज राँग" चालतं. "एनीवन सॉ इट" चालत नाही, कारण घडून गेलेल्या साध्या घटनेत निवडीला जागाच उरलेली नसते.

दुसरा आधार म्हणजे 'हू'ने सुरू होणारं उपवाक्य: "एनीवन हू वॉन्ट्स टू लीव्ह शुड टेल मी नाउ", ज्या कोणाला जायचं आहे त्याने आत्ता सांगावं. आपला 'जो कोणी' तो हाच. यात भूतकाळही चालतो: "एनीवन हू केम लेट हॅड टू स्टँड", जो कोणी उशिरा आला त्याला उभं राहावं लागलं. आणि "एनीवन हू डझन्ट हॅव अ तिकीट मस्ट वेट" हे पाहून गोंधळू नका. एनीवननंतर नकार आला खरा, पण तो 'हू'च्या उपवाक्यातला आहे. मुख्य क्रियापद 'मस्ट वेट' होकारार्थीच आहे.

'एव्हरीवन'शी गल्लत होते ती याच अर्थात. "एनीवन कॅन विन" म्हणजे कोणीही जिंकू शकेल, कोण ते सांगता येत नाही. "एव्हरीवन कॅन विन" म्हणजे सगळेच्या सगळे जिंकू शकतात, म्हणजे बक्षिसंही तितकी हवीत.

"एनीवन कान्ट एन्टर" ही पाटी लिहू नका. सगळ्यांनाच मनाई असेल तर "नो वन कॅन एन्टर". काहींना मुभा आणि काहींना मनाई असेल तर "नॉट एव्हरीवन कॅन एन्टर". मराठी 'कोणीही आत जाऊ शकत नाही' या वाक्यातून हे दोन्ही अर्थ निघू शकतात, त्यामुळे आधी आपल्याला कोणता हवा ते ठरवा.

हीच संदिग्धता इंग्रजीत एका ठिकाणी मुद्दाम वापरली जाते. "आय डोन्ट लेंड माय बुक्स टू एनीवन" हे वाक्य शेवटी सूर खाली सोडून म्हटलं, तर 'मी पुस्तकं कोणालाच देत नाही'. एनीवनवर जोर देऊन सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलला, तर 'कोणालाही देत नाही, माणूस पाहून देतो'. लिहिताना सूर दाखवता येत नाही, म्हणून दुसऱ्या अर्थासाठी 'जस्ट' घाला: "आय डोन्ट लेंड माय बुक्स टू जस्ट एनीवन." आपला सोम्यागोम्या तो हाच. "शी इजन्ट जस्ट एनीवन" म्हणजे ती काही अशीतशी नाही.

एक शब्द की दोन

'एनीवन' जोडून आणि 'एनी वन' तोडून, हे दोन वेगळे प्रयोग आहेत. तोडून लिहिलेल्यात 'वन' हा आकडा आहे: कोणताही एक. तो माणसांना लागतो तसाच वस्तूंनाही लागतो आणि त्याच्या पुढे बहुधा 'ऑफ' येतो. "एनी वन ऑफ यू कॅन गो", तुमच्यापैकी कोणीही एक जाऊ शकतो. म्हणून 'ऑफ' दिसला की तोडा. जोडलेल्या एनीवनपुढे असा 'ऑफ' येत नाही, "एनीवन ऑफ माय फ्रेंड्स" चुकीचं आहे. एकाचाच आग्रह नसेल तर 'वन' टाकूनच द्या: "एनी ऑफ माय फ्रेंड्स". आणि माणसं दोनच असतील तर 'आयदर': "डिड आयदर ऑफ यू कॉल?"

उच्चारातही फरक ऐकू येतो. जोडलेल्या शब्दात सगळा जोर 'ए'वर पडतो आणि 'वन' ओझरतं जातं. तुटकमध्ये 'वन'वर ठळक जोर येतो. मुळात 'एनी' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाच्या शब्दापासूनच आला, त्यामुळे एनीवनमध्ये 'एक' दोनदा आहे. आपल्या 'कोणी एक'पेक्षाही एक पाऊल पुढे. 'नो वन' मात्र आजही तोडूनच लिहितात. जोडलं तर दोन 'ओ' एकत्र येऊन डोळ्यांना 'नून' दिसतं.

क्रियापद, आणि नंतर येणारं सर्वनाम

एनीवन नेहमी एकवचनी: "हॅज एनीवन सीन माय कीज?" इथे 'हॅव' नको. "डझ एनीवन हॅव अ पेन?" इथे 'डझ'मध्ये एकवचन खर्ची पडलं, म्हणून पुढे 'हॅज' नाही, 'हॅव'.

पुढच्या उल्लेखात मात्र 'दे', 'देम', 'देअर' येतं. "इफ एनीवन कॉल्स, टेल देम आय अ‍ॅम आउट." माणूस एक आणि सर्वनाम अनेकवचनी, हे शाळेत शिकलेल्या व्याकरणाला बोचतं. पण हा आजचा आळशीपणा नव्हे, असा 'दे' इंग्रजीत 14व्या शतकापासून आढळतो. पुढे व्याकरणकारांनी 'ही' आणि 'हिज'चा आग्रह धरला. ब्रिटिश संसदेने तर 1850च्या कायद्यात लिहून टाकलं की कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. बोलणारे लोक 'दे' म्हणतच राहिले, आणि 2019मध्ये निघालेल्या एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीने शोधनिबंधांतही तो मान्य केला. तेव्हा बिनधास्त वापरा. फक्त 'दे'चं क्रियापद अनेकवचनीच राहतं: "इफ एनीवन इज लेट, दे हॅव टू वेट." एका वाक्यात आधी 'इज' आणि मग 'हॅव', दोन्ही बरोबर.

मराठीने हाच पेच नपुंसकलिंगाने सोडवला आहे. 'कोणी आला का' किंवा 'आली का' असं न म्हणता आपण 'आलं का' म्हणतो. लिंग ठाऊक नसलेल्या माणसासाठी प्रत्येक भाषा आपापली पळवाट काढतेच.

मागे येणारे शब्द

विशेषण एनीवनच्या नंतर येतं: "डिड यू मीट एनीवन न्यू?" यात चुकायचं कारण नाही, आपणही 'कोणी नवीन भेटलं का' असंच म्हणतो. 'आणखी कोणी', 'दुसरं कोणी' यासाठी 'एल्स', तोही मागेच: "एनीवन एल्स?" षष्ठीचा प्रत्यय 'एल्स'ला लागतो, एनीवनला नाही: "एनीवन एल्सेस पेन".

तुलनेत 'एल्स' विसरू नका. "शी इज टॉलर दॅन एनीवन इन द क्लास" या वाक्यात ती त्याच वर्गातली असेल तर ती स्वतःहूनही उंच ठरते. "दॅन एनीवन एल्स इन द क्लास" लिहा. ती दुसऱ्या वर्गातली असेल तर मात्र 'एल्स' घातला की अर्थ बिघडतो. 'दॅन' हाही आधार देणाराच शब्द आहे, म्हणून "बेटर दॅन एनीवन" म्हणजे सगळ्यांपेक्षा चांगलं. 'दॅन समवन' म्हटलं की तुलना कोणा एकाशीच उरते.

वाक्याच्या शेवटी 'हो ना?' जोडायचं झालं तर तिथेही 'दे': "एनीवन कॅन डू इट, कान्ट दे?" आणि 'नो वन'च्या वाक्यात नकार आधीच असल्यामुळे शेपूट होकारार्थी: "नो वन कॉल्ड, डिड दे?"

दोन ठरलेले प्रयोग जसेच्या तसे लक्षात ठेवा. "इट्स एनीवन्स गेस" म्हणजे काय होईल ते कोणालाच सांगता येणार नाही. "एनीवन हू इज एनीवन" यात दुसरं एनीवन 'नाव असलेला माणूस' या अर्थाने येतं, म्हणजे 'नामवंतांपैकी झाडून सगळे'. तो बहुधा किंचित टोमण्याच्या सुरात म्हणतात, त्यामुळे निमंत्रणपत्रिकेत वापरू नका.